खालची अक्षरं

पाटी साडेसात फुटांची. खडेबाजारात,
अंगडींच्या गुळाच्या दुकानावर, माझ्या बापाच्या आधीपासून.
ईरण्णा म्हणाला, "भरमाणी, सगळं खरवडून काढ.
कन्नड वर, मोठं. मराठी बसव कुठं बसतंय तिथं."
बसवतो की, म्हटलं. धंदाच तो.
अक्षरामागं चाळीस, सावली दिली तर साठ.

पहिल्या दिवशी माझीच अक्षरं निघाली.
त्याखाली बापाची. त्याचा पोट सुटलेला 'ळ'
मी अंधारातसुद्धा ओळखेन.
त्याखाली गेरूतली इंग्रजी, कुणाची कोण जाणे.
मग लाकूड लागलं, आणि वास आला.
साग नव्हे, नाणा नव्हे, किंजळही नव्हे,
खानापूरच्या अख्ख्या रानात असली राळ नाही.
आणि लाकडात खोल कोरलेलं,
बोटाचं पेर बुडेल असं, एक उभा दांडा.

कॅम्पातल्या कायतान लोबोला बोलावलं.
अडतीस वर्षं बोटीवर काढलेला, आता गुडघे गेलेत.
डोळे मिटून त्यानं खाचेतनं बोट फिरवलं.
"काय सांगूलास, भरमाणी! ही पाटी नव्हं,
जहाजाचं नाव हाय हे."

चार महिने तो दूरदूरच्या बंदरांना पत्रं लिहीत होता.
मला चहाबरोबर तुकडे मिळायचे.

नॉर्दर्न हेरन. उत्तरेचा बगळा.
बोस्टनजवळच्या खाडीत बांधलेला, अठराशे त्रेपन्न साली.
अंग काळं, चिंचोळं, नाक वाऱ्यावर पाजळलेलं,
आणि शिडं एवढी, की येळ्ळूरच्या शिवारात पसरली
तर सगळं बासमती झाकून जाईल.
(कायतान वाढवून सांगतो. खलाशीच तो.)

कॅलिफोर्नियात सोनं निघालं होतं.
खणणाऱ्यांना पीठ हवं, बूट हवेत, कुदळी, आणि आजच.
म्हणून तिची घाई. खंडाच्या शेपटाला वळसा घालून
एकशे सात दिवस. वाटेत बर्फाळ वाऱ्यात
दोन पोरं काठीवरून पडली. वय सतरा, वय एकोणीस.
पिठाचा भाव त्याच पानावर लिहिलाय.

पुढं चीनचा चहा. मग पेरूच्या बेटांवरची
पाखरांची शीट, खतासाठी.
बगळ्याच्या नशिबी शेवटी तेच, मी म्हटलं.
कायतान हसला नाही.

मग तिकडं भाऊबंदकीचं युद्ध. अमेरिकेचं निशाण दिसलं
की जहाज जाळायचे. मालकानं ती इंग्रजाला विकून टाकली.
नवं नाव लेडी ऑगस्टा. खाचा लाखेनं बुजवल्या, वर रंग.
कुणा पेंटरनंच केलं असणार. हात चांगला होता.

त्याच युद्धानं कापूस पेटला.
बैलहोंगलच्या काळ्या रानातला कापूस
गाड्यांतनं घाट उतरला, गलबतांतनं मुंबईला गेला,
आणि लिव्हरपूलला निघालेल्या गाठींच्या यादीत
लेडी ऑगस्टा हाय.
म्हणजे ती आपल्याकडं यायच्या आधी
आपलं रान तिच्या पोटात जाऊन आलंय.

आगबोटी आल्या. घाईला कोण विचारतंय मग?
डोलकाठ्या छाटल्या. शेवटी मुंबईच्या एका शेठनं घेतली,
खजूर वाहायला. नाव फतेह करीम.
एका रात्री वेंगुर्ल्याच्या खडकांवर बसली ती बसलीच.
लिलावातली एक फळी रामघाटानं बैलगाडीत वर आली.
अंगडींच्या पणजोबाला पाटी हवी होती. बस.

ईरण्णा ढेप फोडता फोडता ऐकत होता.
म्हणाला, "समुद्र बघितला नाही रे मी अजून. कारवारचासुद्धा."
मग थोड्या वेळानं, "खरं सोमवारपर्यंत पायजे पाटी.
तपासायला येतात."

पुट्टी भरली, घासली. कन्नड वर काढलं, गोल, मोठं.
खाली मराठी, बापाच्या 'ळ'सकट.
एप्रिलात पुट्टी आकसली.
आता उन्हं कलली की कन्नड 'अ'च्या पोटातून
एक दांडा वर येतो,
'गूळ'च्या मागं बगळ्याची मान.

बिलाच्या वेळी ईरण्णानं अक्षरं दोनदा मोजली.
"वरचीच लाव हं," म्हणाला,
"खालची आधीच कुणीतरी भागवलीत."